पंधरा हजारांत वाढीव वॅट

आवाजाचा आकडा अडतीसच्या पुढे नेला की आमच्या होम थिएटरचा रिसीव्हर बंद पडत असे. खट्ट असा एक आवाज, पडद्यावर माणसांची तोंडं हलताहेत, आणि रिसीव्हरच्या कपाळावर एकच इंग्रजी शब्द लुकलुकतो आहे: प्रोटेक्ट. कोणाचं कोणापासून संरक्षण, हे तो सांगत नसे. आमच्या हॉलच्या खिडकीखाली रिक्षाथांबा आहे, त्यामुळे सिनेमातलं हळू बोलणं ऐकायला आम्हाला निदान पंचेचाळीसचा आकडा लागतो. म्हणजे ज्या ज्या सिनेमात कुणी कुणाला काही गुपित सांगतं, तो एकही सिनेमा गेल्या वर्षभरात आमच्या घरी कोणाला कळलेला नाही.

दोष स्पीकरना देण्यात आला. हे मला पहिल्या दिवसापासून मान्य नव्हतं.

ते दोन स्पीकर माझ्या वडिलांनी बनवलेले आहेत. जयसिंगपूरला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या लग्नात त्यांनी कपाटाऐवजी कंबरेएवढ्या उंचीचे, सागवानी खोक्यांतले दोन स्पीकर दिले. सासरच्या मंडळींनी ते मागून उघडून पाहिले आणि आत कप्पे नाहीत म्हणून हळहळ व्यक्त केली. वडील जाऊन सहा वर्षं झाली. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. त्यांच्या हातचं म्हणून दाखवता येईल असं माझ्याकडे एवढंच आहे.

"म्हातारे झालेत ते," माझे यजमान धैर्यशील म्हणाले. "साउंडबार आणू. टीव्हीखाली एक पट्टी बसते, विषय संपला. हे दोन बिद्रीला विजयसिंहाच्या पोल्ट्रीवर पाठवून देऊ. गाणी लावली की कोंबड्या अंडी जास्त देतात म्हणे."

विजयसिंह म्हणजे त्यांचा चुलत भाऊ. गणपती झाले की तो टेंपो घेऊन कोल्हापुरात येणार होता आणि जाताना स्पीकर नेणार होता. एवढं सगळं ठरल्यावर मला कळवण्यात आलं.

मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. हे मी कुणाला सांगत फिरत नाही, पण घरात विजेचा प्रश्न निघाल्यावर कुणाला तरी ते आठवावं एवढी माझी अपेक्षा असते. मी शांतपणे सांगितलं की स्पीकर धडधाकट आहेत. ते चार ओहमचे आहेत, त्यांना प्रवाह जास्त लागतो, आणि तो द्यायची रिसीव्हरची ताकद नाही. रिसीव्हरच्या खोक्यावर शंभर वॅट छापलेलं असतं, पण ते शंभर वॅट एका वेळी एकाच स्पीकरला आणि बहुधा मुहूर्त पाहूनच मिळतात. आवाज सात डेसिबलने वाढवायचा तर शक्ती पाचपट लागते. रिसीव्हरच्या मागे दोन छिद्रं आहेत, तिथून नुसता संदेश बाहेर काढता येतो. तो वेगळ्या ॲम्प्लिफायरला द्यायचा आणि त्या ॲम्प्लिफायरने स्पीकर चालवायचे. हे सगळं मी आलेखासह एका कागदावर मांडून धैर्यशीलना दिलं. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

"साउंडबार पंधरा हजारांत येतो," ते म्हणाले. "त्याच्या आत बसव, आणि टेंपो यायच्या आत."

आम्ही दुकानात गेलो. नियम असा दिसला की ओहम मी विचारायचे आणि उत्तर धैर्यशीलना मिळायचं. मी विचारलं, "चार ओहमला सलग किती वॅट?" दुकानदार धैर्यशीलकडे वळून म्हणाला, "साहेब, मशीन एकदम टॉप आहे." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, काळा चालेल का सिल्व्हर?" किंमत ऐकल्यावर रंगाचा प्रश्न उरला नाही.

अखेर वाट सापडली ती विजयसिंहाकडूनच. बिद्रीत केरबा नावाचे गृहस्थ मिरवणुकांना आणि वरातींना साउंड लावत. त्यांनी नवी यंत्रं घेतली होती आणि जुना एक ॲम्प्लिफायर काढायचा होता. रविवारी आम्ही गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये छतापर्यंत स्पीकरची खोकी रचलेली होती आणि त्यांच्या सावलीत केरबा सुपारी कातरत बसले होते.

"या पावणं," ते धैर्यशीलना म्हणाले. "कुठं लावायचाय? मंडळ कंचं?"

"घरात लावायचाय," मी म्हणाले.

केरबांनी अडकित्ता खाली ठेवला. "घरात?"

"सिनेमा बघायला."

"घर किती मोठं हाय?"

मी हॉलची लांबी, रुंदी आणि उंची सांगितली. त्यांनी धैर्यशीलकडे सहानुभूतीने पाहिलं.

"चार ओहमला किती वॅट देतो?" मी विचारलं.

"लै देतोय."

"आकडा सांगा ना."

"म्या कधी मोजलं न्हाय वैनी. मोजायचं काम पोलिसांचं," केरबा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. पुढचं अर्धं मिनिट मला माझ्या बरगड्या वेगवेगळ्या मोजता आल्या. धैर्यशील शेडच्या बाहेर कधी गेले ते मला दिसलं नाही. मी यंत्राच्या मागची पट्टी वाचली. चार ओहमला आठशे वॅट. सांगितलेली किंमत तेरा हजार. मी कधी नव्हे ती घासाघीस न करता हो म्हटलं. फक्त एक अट घातली: पावती पाहिजे. पूर्ण नाव, पत्ता आणि यंत्राचा क्रमांक टाकून, सहीनिशी.

"पावती?" केरबा म्हणाले. "तीस वरसं धंदा केला. पावती मागणारं गिऱ्हाईक आजच बघितलं."

"त्याशिवाय मी काही घेत नाही."

"घ्या की मग. पावती न्हाय, तुमास्नी पक्का कागद करून देतो."

आठ दिवसांनी पोस्टाने खरोखरच कागद आला. स्टँपपेपरवर टंकलेलं प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, आणि मजकूर असा की सदर यंत्राची मालकी सौ. अनुजा धैर्यशील यांच्याकडे गेली असून यापुढील सर्व जबाबदारी त्यांचीच राहील. मी तो धैर्यशीलना दाखवला आणि व्यवहार असा असावा, असंही म्हणाले. हे वाक्य त्यांनी पुढे मला बऱ्याचदा ऐकवलं.

यंत्राचं वजन तीस किलो. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात हातभर लांबीची अक्षरं: केरबा साउंड, बिद्री. ते तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत प्रत्येक दार उघडून मिटलं. आमच्या समोरचं दार मात्र मिटलं नाही, कारण तिथे वर्धमानअण्णा राहतात. अण्णा वीज खात्यातून निवृत्त झालेत, सोसायटीचे चेअरमन आहेत, आणि कुणाच्याही घरात वायर दिसली की त्यांना आत यावंसं वाटतं.

"काय करायलासा मॅडम?" ते चपला काढून आत आले.

मी थोडक्यात सांगितलं. रिसीव्हरला लावलेल्या जुन्या वायरी तिथेच लोंबत ठेवून मी स्पीकरना नव्या जाड वायरी जोडल्या आणि यंत्र सुरू केलं. स्पीकरमधून घूं असा एकसुरी आवाज यायला लागला.

"अर्थिंग," अण्णा म्हणाले. "खड्डा वाळलाय आपला. मीठ घाला."

"मी तेच म्हणणार होते."

"पाच किलो. खडे मीठ. आणि दोन बादल्या पाणी."

बिल्डिंगच्या मागे अर्थिंगच्या खड्ड्यापाशी मी मिठाची पिशवी धरून उभी आणि अण्णा बादली ओतताहेत, हे दृश्य तिन्ही मजल्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंनी मला हळूच विचारलं की कोणी सांगितलं हे करायला, आणि गुण आला का. मी भौतिकशास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शेवटी विचारलं, "अमावस्येलाच घालायचं असतं का?"

गुण मात्र आला. घूं थांबलं. अण्णांचं बरोबर निघालं याचा मला आनंद व्हायला हवा होता.

आणि घूं थांबल्यावर दुसरा आवाज ऐकू आला. आता मी जे सांगणार आहे ते लिहिताना मला त्रास होतो. मी वॅट मोजले, ओहम मोजले, वायरीची जाडी काढली, व्होल्टेजचा हिशेब दोनदा तपासला. आणि केरबांच्या शेडमध्ये, त्या गदारोळात, यंत्राच्या पाठीला दोन पंखे आहेत हे पाहूनही मी त्यांचा विचार केला नाही. मिरवणुकीत पंख्याचा आवाज कोण ऐकणार? हॉलमध्ये मात्र तो पिठाच्या गिरणीसारखा होता. मोबाईलवर मोजला, अठ्ठावन्न डेसिबल. हळू बोलणं ऐकू यावं म्हणून मी आठशे वॅट आणले होते आणि त्यांनी हळू बोलणं उरलंसुरलं बुजवून टाकलं होतं.

"साउंडबारला पंखा नसतो," धैर्यशील म्हणाले.

उपाय सोपा होता. यंत्र घराबाहेर, मागच्या गॅलरीत, स्टुलावर. खिडकीतून आठ मीटर वायर. हॉलमध्ये शांतता, संवाद स्वच्छ, आकडा बावन्न. पहिल्यांदा एका सिनेमात खुनी कोण ते मला शेवटाआधी कळलं. वडिलांच्या त्या खोक्यांतून बाईचा उसासासुद्धा वेगळा ऐकू येत होता. मी धैर्यशीलकडे पाहिलं. ते म्हणाले, "चांगला आहे की." आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक दिलं जात नाही. टेंपोचं मात्र त्यांनी अजून रद्द केलं नव्हतं. "आठ दिवस नीट चालू दे," एवढंच म्हणाले.

गणपती बसले. त्याच दिवसांत समोर अण्णांकडे जैनांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. त्यांच्या पत्नी पद्मावतीकाकू दहा दिवस एकभुक्त राहतात आणि दुपारी पाऊण तास डोळे मिटून सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसतात. कुठल्या खोलीत बसतात, हे मला माहीत नव्हतं. त्यांची खोली आणि आमची मागची गॅलरी यांच्यात हातभर अंतर आहे, हेही मी कधी मोजलं नव्हतं. आणि बाकी सगळं मोजलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात एक हवालदार होते.

"तक्रार हाय मॅडम. साउंड लावलाय तुम्ही."

"साउंड बंद आहे," मी म्हणाले. ते खरंच होतं. बहिणीचा फोन आल्यामुळे सिनेमा थांबवलेला होता. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

हवालदारांनी कान दिला. "मग ह्ये काय वाजायलंय?"

"पंखा."

"पंखा? छताचा तर बंद हाय."

मी त्यांना गॅलरीत नेलं. त्यांनी यंत्राला एक फेरी घातली आणि पाठीवरची अक्षरं मोठ्याने वाचली. मग फोन लावला. "साहेब, केरबाचं मशीन घावलं की. व्हय, यादीतलंच. घरात हाय. न्हाय, मंडळ न्हाय, मॅडम हाईत."

केरबांनी आपल्या कागदाची एक प्रत पोलिसांना दिली होती. उत्सवाआधी साउंडवाल्यांची यादी होते. आपल्या नावापुढचं एक यंत्र कमी व्हावं म्हणून त्यांनी ते रीतसर माझ्या नावावर चढवलं होतं. पूर्ण नाव, पत्ता, यंत्राचा क्रमांक. जे जे मी मागितलं होतं, ते सगळं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात सर्व साउंडमालकांची बैठक होती. आम्ही पंधरा जण बाकांवर बसलो. चौदा जणांच्या गळ्यात सोन्याच्या साखळ्या होत्या. माझ्या मांडीवर तपासायच्या वह्यांची पिशवी होती. शेजारी उदयसिंह नावाचे धिप्पाड गृहस्थ बसले होते.

"वैनी, तुमचे बेसचे स्पीकर किती?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

"दोन."

"दोनशे?"

"दोन."

ते जरा विचारात पडले. "असू द्या. म्या बी चारावरच सुरू केलतं."

मग हमीपत्राचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, साउंड ज्यावर लावणार त्या वाहनाचा क्रमांक. मी तिथे 'लागू नाही' असं लिहिलं. कारकुनाने फॉर्म परत दिला.

"रिकामा चालत न्हाय मॅडम."

"रिकामा नाही. लागू नाही असं लिहिलंय. यंत्र घरात आहे."

"साउंड बिनगाडीचा नसतोय."

"माझा आहे."

"मग घर कशावर हाय?"

मला माझं शिक्षण कमी पडल्यासारखं वाटलं. शेवटी त्याने माझी स्कूटर बाहेर पाहिली आणि तिचा क्रमांक टाकला. त्यानंतर साहेबांनी डेसिबलबद्दल सूचना दिल्या. मी हात वर करून विचारलं की आवाज स्रोतापासून किती अंतरावर मोजणार, कारण अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात. सगळे चौदा जण माझ्याकडे वळले. उदयसिंहांनी वही काढली. "वैनी, ते परत एकदा सांगा." साहेब म्हणाले, मशीन विसर्जनापर्यंत ठाण्यात जमा करा. फक्त माझं.

मी घरी येऊन नव्या वायरी गुंडाळल्या आणि रिसीव्हरच्या लोंबत राहिलेल्या जुन्या वायरी पुन्हा स्पीकरना लावल्या. आकडा एकोणचाळीस, खट्ट, प्रोटेक्ट.

"आठ दिवस झाले नाहीत," धैर्यशील म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, उलट जरा वाईटच वाटत होतं त्यांना, आणि मला तेच जास्त लागलं. मी त्यांना सांगितलं की ही यंत्राची चूक नाही, केरबांच्या कागदाची आहे. कागद कोणी मागितला, असं त्यांनी विचारलं नाही. वीस वर्षांच्या संसारात माणूस काही गोष्टी न विचारायला शिकतो.

गणपती गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी विजयसिंहाचा टेंपो खाली येऊन लागला. विजयसिंह वर आला, स्पीकरना हात लावून म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका, पावसाचं पाणी येत न्हाय शेडमध्ये." मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले, कारण तिथून हॉल दिसत नाही. धैर्यशील वायरी सोडवायला रिसीव्हरच्या मागे गुडघे टेकून बसले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वर्धमानअण्णा हात जोडून उभे होते. धुतलेला पांढरा सदरा, चेहरा गंभीर.

"उत्तम क्षमा मॅडम," ते म्हणाले. "आज क्षमावाणी. वर्षभरात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा करा."

"अण्णा, तुम्ही काय दुखावणार?"

"न्हाय, कळत-नकळत म्हणायची पद्धत हाय. एक मात्र कळूनच केलेलं हाय. पोलिसांना फोन मी केलता. सामायिकात तुमची गिरण सुरू व्हायची. हिला बसवंना."

माझ्या हातात गाळणी होती. "चार पावलांवर दार आहे माझं. बेल वाजवून सांगितलं असतंत तर मी त्या क्षणी बंद केलं असतं."

"दशलक्षण चालू होतं की. त्या दहा दिवसांत रागवायचं न्हाय, कुणाला बोलायचं न्हाय. आता तुमच्या दारात आलो असतो तर बोलणं झालंच असतं." अण्णा शांतपणे म्हणाले. "म्हणून पोलिसांना सांगितलं."

यात चूक कुठे आहे ते मला लगेच सापडेना. मी पंधरा साउंडमालकांत बसून आले होते, माझी स्कूटर सरकारी कागदात मिरवणुकीचं वाहन झाली होती, आणि समोरचा माणूस हात जोडून इतका प्रामाणिक उभा होता की रागावणं हा माझाच असभ्यपणा ठरला असता. मी क्षमा करणारच नव्हते. तसं सांगायला तोंड उघडलंही होतं.

"अनुजा," आतून धैर्यशीलनी हाक मारली. "ही तार अशीच असते का?"

"कुठली?"

"लाल स्क्रूतल्या वायरीचा एक केस बाहेर आलाय. काळ्या स्क्रूपाशी गेलाय."

मी आत गेले. अण्णा, वायरीचा विषय म्हटल्यावर, मागोमाग आले. मी वाकून पाहिलं. तांब्याचा एक धागा, केसाएवढा, जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर. आवाज कमी असताना तो दूर राहत असणार. आवाज वाढला, टेबल थरथरलं, की टेकत असणार. टेकला की शॉर्ट. शॉर्ट झाला की रिसीव्हर शहाण्यासारखा बंद.

त्या वायरी गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी लावल्या होत्या. घरात दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. प्रॅक्टिकलला हा धागा दिसला की मी दोन गुण कापते.

खोलीत तीन पुरुष होते आणि तिघंही माझ्याकडे पाहत होते. हो, अशीच असते, एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. कुणाला कळलं नसतं. स्पीकर कोंबड्यांकडे गेले असते आणि माझी अब्रू कोल्हापुरात राहिली असती.

"नसते," मी म्हणाले. "चूक आहे. माझी आहे. स्पीकर चांगले आहेत, रिसीव्हर चांगला आहे. ॲम्प्लिफायरची गरजच नव्हती."

धैर्यशीलनी तो धागा पिळून आत बसवला, स्क्रू आवळला, काल अर्धा राहिलेला सिनेमा लावला आणि आकडा पन्नासवर नेला. पडद्यावरची बाई तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत असतानाही आम्हा चौघांना ते शब्दन् शब्द कळलं. विजयसिंहाने स्पीकरवरचा हात आपणहून काढला.

अण्णा अजून हात जोडून उभे होते. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "हे दोन्ही बाजूंनी असतंय. आता तुम्ही म्हणायचं."

मी हात जोडले. वर्षभर त्या सागवानी खोक्यांवर म्हातारपणाचा आळ होता, आणि मी बोलत होते ते वॅटबद्दल. मी त्या खोक्यांकडे तोंड करून म्हणाले, "क्षमा करा."

स्पीकरच्या पलीकडे तिघं उभे होते. अण्णांनी प्रसन्न मान डोलावली. विजयसिंह लाजून म्हणाला, "अवो वहिनी, माझं काय." धैर्यशील तर मोठ्या मनाने म्हणाले, "असू दे, असू दे. होतं असं."

मी कुणाचीच दुरुस्ती केली नाही.